हरकत मागे घेण्याआधी

एक करडी केबल. चपटी, हातभर लांब, पट्टीसारखी.

चारशे बारा पत्रं.

दोन कपाटं. एक दाराशी, एक आतल्या खोलीत. दोन्हींत एकेक कात्री, आणि कुठली कुठे ठेवायची हे कुणालाच माहीत नाही.

एक आत्या, कागदावर बोट फिरवता फिरवता हसणारी.

दहा सेकंद.

आणि ती पत्रं लिहिणारीचा भाऊ, तोंडात घास तसाच ठेवून: "अगं, लग्न झालेली माणसंसुद्धा एकमेकांशी एवढं भांडत नाहीत."

आता हे सगळं एका दोरीत ओवायचं, तर सुरुवात कासवापासून करावी लागेल.

'कासव' ही संगणक चालवणारी एक प्रणाली. तिला मालक नाही. ठिकठिकाणची दोनेकशे माणसं आपापली नोकरीधंद्याची कामं आटोपून ती घडवतात आणि काय बदलायचं, काय नाही, हे पत्रांतून ठरवतात – म्हणजे पत्रांतून भांडतात. तिथे खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. या गोष्टीतली ती तिथे होती 'झाडू', कारण ज्या भागाला हात लावेल तो लख्ख करूनच सोडायची. तिच्याशी भांडणाऱ्याला म्हणायचे 'खिळा'. एकदा एखाद्या मुद्द्यावर ठोकला गेला की निघत नसे.

झाडूचा प्रस्ताव साधा होता. कासवाची हत्यारं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, दोन कपाटांत, म्हणजे दोन फोल्डरांत विभागलेली होती. मशीन सुरू होताना लागणारी दाराशी, बाकीची आत. फार पूर्वी डिस्क इवल्याशा असायच्या, एकीवर सगळं मावायचं नाही, म्हणून ही सोय. आता डिस्क मोठ्या झाल्या, पण कपाटं दोनच राहिली. झाडू म्हणाली, एक करू या. दाराशी नुसती पाटी राहू दे – 'आत पाहा.' दोन वर्षं राबून तिने सगळं तयार केलं होतं.

दोनशेपैकी एकशे नव्याण्णव जणांनी मान डोलावली.

खिळ्याने हरकत घेतली. त्याच्या मशीनमध्ये आतलं कपाट खरोखरच वेगळ्या डिस्कवर होतं, आणि मशीन डोळे उघडतं तेव्हा ती डिस्क अजून झोपलेली असते. सगळीच हत्यारं आत नेली, तर तिला उठवायचं कशाने? झाडूने उत्तर दिलं, उठवायला पुरेल एवढी छोटी पिशवी आधी हातात द्यायची. खिळा म्हणाला, पिशवी फाटकी निघाली तर? अशी चारशे बारा पत्रं. एकदा पाच दिवस त्याचं पत्र आलं नाही, तेव्हा तिने आठ वेळा पेटी उघडून पाहिली. अर्थात मुद्दा अर्धवट राहिला होता म्हणून.

कासवाच्या मंडळींचा एक जुना रिवाज आहे. ज्याची हरकत, त्याच्या मशीनवर. प्रस्ताव मांडणाऱ्याने हरकत घेणाऱ्याच्या दारी जायचं, त्याच्या देखत त्याच्या मशीनमध्ये बदल करायचा आणि ते सुरू करून दाखवायचं. संधी तीन. नव्या आवृत्तीचं दार शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होतं. तोवर जमलं नाही, तर प्रस्ताव दोन वर्षं फळीवर.

झाडू एक दिवस आधीच, शुक्रवारी, त्या गावात उतरली.

*

तिच्या पिशवीत एक जुनी डिस्क होती, एक उघडं मशीन होतं. लॉजच्या खोलीत रंगीत तालीम करायची, एवढाच बेत. फक्त केबल नव्हती. असली जुनी केबल आता भंगाराच्याच दुकानात मिळणार.

दुकान चिंचोळं, छतापर्यंत पंखे, तारा, पडद्यांचे सांगाडे. बाहेर पाऊस भुरभुरत होता. ती छत्री झटकत आत शिरली, तेव्हा काउंटरपाशी एक उंच माणूस बाह्या दुमडून उभा होता. त्याच्या हातात होती… तीच. करडी, चपटी.

"ती केबल—" ती म्हणाली.

"शेवटची आहे," तो म्हणाला.

दुकानदार काका म्हणाले, "अहो, त्या खोक्यात—"

त्या माणसाला खोकला आला. चांगला लांबलचक. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एकाएकी त्यांना मागच्या खोलीतलं काहीतरी काम आठवलं.

"तुम्हाला कशाला हवी?" त्याने विचारलं.

"सहज. जुन्या वस्तूंचा नाद आहे. तुम्हाला?"

"माझ्या मशीनची केबल झिजलीय. उद्या एक बाई येणार आहेत ते मोडायला. म्हटलं, मोडेपर्यंत तरी धड असावं."

तिच्या हातातली छत्री थबकली. खिळा. हाच तो. तिने पिशवी हळूच पाठीमागे घेतली. तिच्यावर झाडूचा बिल्ला होता.

"कोण बाई?" तिने शक्य तितक्या भोळेपणाने विचारलं.

"भेटलो नाही कधी. पण दोन वर्षं ओळखतो. पत्रात पूर्णविराम देतात ना, तर टेबलावर पेला आपटल्यासारखा वाटतो."

"भयंकरच दिसतात."

"भयंकर आहेत," तो केबलची घडी घालत म्हणाला. "पत्र आलं की माझं डोकं फिरतं. आणि आलं नाही तर… दिवस बेचव जातो."

बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. ते तिला एकदम फार मोठ्याने ऐकू यायला लागलं.

"घ्या तुम्हीच केबल," ती म्हणाली. "तुमची गरज मोठी आहे."

तो घुटमळला. हवी असेल तर अजूनही… असं काहीतरी पुटपुटला. पण तोवर ती पावसात उतरली होती, आणि छत्री उघडायची विसरली होती.

*

शनिवार. दुपारचे दोन.

जिना चढून वर गेलं की छापखाना. जाड कागदाचा वास, आणि मधोमध लोखंडी धूड – कागदावर उठावाचे ठिपके पाडणारं ब्रेल छपाईचं यंत्र. ते चालवणारा संगणक म्हणजे खिळ्याचं ते मशीन. खिडकीपाशी त्याची आत्या बसलेली. तिला दिसत नव्हतं. छापून आलेलं प्रत्येक पान आधी तिच्या बोटांखालून जायचं, आणि तिच्या बोटांतून चूक सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सोमवारी दोनशे मुलांची परीक्षेची पुस्तकं छापायला घ्यायची होती, ती याच मशीनवर. खिळ्याने सगळ्याची नक्कल काढून ठेवली होती, तरी त्याचा चेहरा दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसासारखा होता.

"मी झाडू," ती दारात म्हणाली.

त्याने भुवया उंचावल्या. जरा उशिरानेच. आश्चर्य वाटलेला माणूस इतका नीटनेटका दिसत नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"कालच्या त्या तुम्ही?" तो म्हणाला.

"भयंकर बाई. हो."

आत्या हसल्या. "ये गं. हा सकाळपासून तीनदा केर काढतोय. झाडूच्या स्वागताला झाडू."

पहिली संधी.

तिने बदल चढवला, बटण दाबलं. पडदा उजळला, ओळी भराभर सरकल्या, आणि थांबल्या. 'मोठी डिस्क सापडली नाही.'

खिळ्याने नुसती खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्याने 'बघा, मी म्हटलं होतं' असं म्हटलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

दीड तास तिने एकेक ओळ तपासली. एके ठिकाणी एक नाव चुकलं होतं. ते सुधारलं. हेच असणार.

दुसरी संधी.

"खिडकी लाव रे," आत्या म्हणाल्या. "पाऊस ऐकायचा की मशीन?"

खिडकी बंद झाली. बटण. ओळी. 'मोठी डिस्क सापडली नाही.'

चार वाजून दहा मिनिटं. झाडूने हात मांडीवर ठेवले. दोन वर्षं, आणि आता एकच संधी.

खिळा तिच्या शेजारी उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "त्या डिस्कला वीज वेगळी आहे. मी तिचं बटण थोडं आधी दाबतो. ती जागी राहील, तुमचं चालेल. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ती म्हणाली. "आणि अशी मशीनं अजून कुठेकुठे असतील. त्यांच्याशेजारी आधी बटण दाबायला तुम्ही नसणार."

"पण दोन वर्षं—"

"जाऊ देत. चूक माझीच आहे. काल ती केबल मिळाली असती, तर रात्रीतून तालीम केली असती. तुम्हाला दिली ती मी."

खिळ्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. "त्यासाठी हवी होती?" त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं—

"तुम्ही दोघं जरा गप्प बसाल का," आत्या म्हणाल्या. "मला मघापासून काहीतरी सांगायचंय. ती मोठी आहे ना, ती उठते की. रोज उठते. आधी घसा खाकरते, मग घुमायला लागते. आज तिने दोन्ही वेळा घसा खाकरला, पण तोवर तू तिला हाका मारणं सोडलं होतंस."

झाडू सावकाश वळली. "किती वेळ लागतो तिला, आत्या?"

"मी कशाला मोजू? बटण दाबल्यापासून माझे केस बांधून होतात."

दहा सेकंद. झाडूने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं ते, दोन वर्षांपूर्वी: डिस्कची दहा सेकंद वाट पाहा, नाही आली तर सोडून द्या. तिच्या घरच्या डिस्क बोलावताक्षणी हजर व्हायच्या. दहा सेकंद तिला उदार वाटले होते.

तिने कळफलक ओढला. सात ओळी पुसल्या, तीन लिहिल्या.

"काय केलंत?" त्याने विचारलं.

"मोजणं काढून टाकलं. आता ती 'आले' म्हणेपर्यंत थांबायचं."

"आणि आलीच नाही तर?" हरकत घेण्याची सवय त्याला आत्ताही सोडवेना. "जन्मभर थांबून राहणार?"

"मिनिटभराने विचारेल – अजून थांबू का?"

"आणि 'हो' म्हटलं तर?"

"तर थांबेल," ती म्हणाली, आणि कारण नसताना तिचे कान तापले.

तिसरी संधी. पाचाला वीस मिनिटं कमी.

बटण.

एक. दोन. तीन.

आत्यांनी केस हातात घेतले.

सहा. सात.

त्याचा हात टेबलाच्या कडेवर. तिचा त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर.

नऊ. दहा.

पडदा थांबला होता, पण यावेळी रागावल्यासारखा नाही. वाट पाहणाऱ्यासारखा.

अकरा.

बारा.

तेरा— डब्याच्या आत कुणीतरी घसा खाकरला.

चौदा.

ओळी धो धो वाहायला लागल्या. मग लोखंडी धूड हादरलं, गरगरलं आणि ठाक ठाक ठाक करत कागदावर ठिपके पाडू लागलं. आत्यांचा अंबाडा आणि मशीन एकाच वेळी तयार झाले होते. झाडू उठून उभी राहिली आणि काय करावं ते न सुचून तिने त्या यंत्रालाच मिठी मारली.

"चाचणीचं पान आहे," खिळा घाईघाईने म्हणाला. "मी घेतो—"

पण पान आत्यांच्या हातात गेलं होतं. बोट पहिल्या ओळीवरून फिरलं. दुसऱ्या. तिसऱ्या ओळीवर आत्या हसू लागल्या.

"चूक आहे का?" झाडूने विचारलं.

"एकही नाही. पण हे मला लिहिलेलं नाही." त्यांनी पान तिच्यापुढे धरलं. "घे."

"मला हे वाचता येत नाही."

"मग ज्याने लिहिलं त्यालाच वाचायला सांग. मी जिन्यातला पाऊस बघून येते." आणि पाऊस कधीच न पाहिलेल्या आत्या भिंतीला हात लावत खरोखरच बाहेर गेल्या.

त्याने पान घेतलं. तिचं बोट धरून पहिल्या ठिपक्यांवर ठेवलं. ते खरखरीत होते, आणि अजून कोमट.

"'मशीन सुरू झालं,'" तो वाचू लागला. "'आता हरकत मागे घ्यावी लागेल.'" बोट दुसऱ्या ओळीवर. "'मग तुमची पत्रं बंद होतील.'" तिसऱ्या ओळीवर तो थांबला.

"पुढे?"

"'ती होऊ नयेत…'"

ओळ संपली, तरी दोघांची बोटं तिथेच राहिली.

"हे सकाळी लिहिलंत?" तिने विचारलं. "मशीन सुरू होणार, हे धरून?"

"तुमच्यावर माझा भरवसा होता. हरकत फक्त पिशवीवर होती."

तिने घड्याळात पाहिलं. पाचाला बारा कमी. "आधी ती मागे घ्या. लिहा."

त्याने मंडळींना पत्र लिहिलं. दोनच शब्द – हरकत मागे. ते गेलं.

"आता दुसरी घ्या," ती म्हणाली.

"कशावर?"

"माझ्या परत जाण्यावर. रिवाज माहीत आहे ना? ज्याची हरकत, त्याच्या मशीनवर. मला पुन्हा इथेच यावं लागेल."

तो हसला. दोन वर्षांच्या भांडणात त्याचं हसू तिने किती वेगवेगळं कल्पिलं होतं. त्यातलं एकही याच्या जवळपास नव्हतं. "किती वेळा?"

"तुझ्या हरकती संपेपर्यंत."

"माझ्या संपत नाहीत. कुणालाही विचार."

"म्हणून तर," ती म्हणाली.

जिन्यातून आत्यांनी विचारलं, पाऊस थांबला की अजून थोडा बघायचाय.

"अजून थोडा," दोघं एकदम म्हणाले.

*

पाचाला चार कमी असताना प्रस्ताव मंजूर झाला. त्या संध्याकाळी एकशे सदतीस पत्रं आली, आणि भांडण एकाही पत्रात नव्हतं. कासवाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. सोमवारी पुस्तकं छापली जाऊ लागली. नवी आवृत्ती महिन्याभरात हजारो मशीनवर गेली. कपाट एकच, दाराशी पाटी, आणि उशिरा उठणाऱ्या डिस्कसाठी थांबणाऱ्या तीन ओळी. त्या ओळींवर तिने कुणाचं नाव घातलं नाही, फक्त बाजूला टीप लिहिली: केस बांधून होईपर्यंत थांबा.

झाडूचा भाऊ आता विचारतो, पत्रांचा आकडा कुठवर आला. ती सांगत नाही. खिळा मात्र अधूनमधून म्हणतो, की केबलबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती म्हणते, सांग की, घाई काय आहे. तो पुन्हा घुटमळतो.

शुक्रवारी तिच्या पिशवीवरचा झाडू पाहून, तिने जरा थांबावं म्हणून तो 'शेवटची आहे' म्हणाला, तेव्हा त्याच्या पायाशी असलेल्या खोक्यात तशाच अजून अकरा केबली होत्या.