धूळ न बसणारा लॅपटॉप

"अजून वर धर. अजून थोडा. आता खुर्चीवर चढ बघू," वकील म्हणाला.

"माझे हात भरून आलेत," मुंगी म्हणाली. "आणि हा काय पतंग आहे, वर नेला की वारा लागायला?"

तरीही ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर चढली. दादाचा तो जुना, विटेसारखा जड लॅपटॉप तिने डोक्यावर धरला आणि मान उलटी करून पडद्याकडे पाहिलं. तेच वाक्य होतं. एकही नेटवर्क सापडले नाही.

"उतर," वकील म्हणाला. "पडलीस तर आत्या मलाच बोलेल."

मुंगी बारा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून दादाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. वकील तिचा मामेभाऊ. दूध पिण्यावरूनही तो वाद घालायचा, म्हणून वकील. आणि त्याचा सहा वर्षांचा गोल गरगरीत भाऊ ढब्बू. ही सगळी नावं दादाचीच. दर सुट्टीत मामाची ही दोघं मुलं इकडे यायची आणि दादा चौघांचा कप्तान व्हायचा.

या सुट्टीत दादा नव्हता. मागच्या थंडीत त्याला ताप आला, तो दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही.

मागे राहिली होती त्याची गोष्ट. मुंगी, वकील आणि ढब्बू जहाजातून गुहा शोधायला निघतात अशी एक लांबलचक गोष्ट दादाने रचली होती. ती तो आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचा. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून सगळे भाग इंटरनेटवर त्याच्या खात्यात साठवलेले होते. खात्याचा पासवर्ड फक्त त्याच्याकडे होता. पण या लॅपटॉपवर ते खातं उघडंच राहिलं होतं. नेट जोडलं की दादाचा आवाज ऐकू यायचा. दुसरीकडून कुठूनही ते खातं उघडत नव्हतं.

मुंगीने एकेक भाग पुरवून पुरवून ऐकला होता. शेवटचा तेवढा शिल्लक ठेवला होता, तिघांनी मिळून ऐकायला. आणि पूर्वीही अधूनमधून रुसणाऱ्या लॅपटॉपने नेमकं पाहुणे आले त्याच दिवशी तोंड फिरवलं.

"राउटर बंद करून चालू केला?" वकिलाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"केला."

"लॅपटॉप?"

"तोही केला."

"तार लावून जोडला तर?"

"तारेची खाच दादा असतानाच तुटली होती."

"फोनवर नेट येतंय का?"

"मस्त येतंय," ढब्बू म्हणाला. आत्याच्या फोनवर तो केव्हापासून माकडांची चित्रं बघत होता.

वकील हाताची घडी घालून फेऱ्या मारायला लागला. "मग राउटर निर्दोष आहे. शिवाय आपलं सोड, शेजाऱ्यांचंसुद्धा एक नेटवर्क दिसत नाहीये. म्हणजे या लॅपटॉपचे कानच बंद झालेत."

एवढ्यात मुंगीच्या खांद्यावर हात पडला. आई होती. "जेवायला," ती हळूच म्हणाली आणि गेली.

पूर्वी आई स्वयंपाकघरातून अशी हाक मारायची की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. आता ती कुणालाच हाक मारत नसे. येऊन खांद्याला हात लावायची, तेवढंच. दादाचं नावही घरात कुणी काढत नसे. त्याच्या खोलीत तर आईने तेव्हापासून पाऊल टाकलेलं मुंगीने पाहिलं नव्हतं. म्हणूनच गोष्टीचं तिने आईला किंवा बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं की आई रडेल, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी बाबा लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तिघंही मागोमाग गेली. दुरुस्तीवाला कानाशी फोन धरून कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलता त्याने दोन बटणं दाबली, लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि पुन्हा सुलटा केला.

"फॉरमॅट मारावा लागेल," तो म्हणाला. "सगळं पुसून नव्याने टाकतो. सकाळी दहाला आणा, आता दुकान बंद करतोय."

"पुसून?" मुंगीचा आवाज चिरकला. "म्हणजे उघडी असलेली खातीसुद्धा?"

"सगळंच की. कोरा करकरीत होईल बघ."

वाटेत मुंगीने बाबांचा हात ओढला. "बाबा, नका ना करू. त्यात दादाचं..."

"फोटो मी कधीच काढून घेतलेत, मुंगे." बाबा समोर बघत चालत राहिले. "यंत्र आहे ते. बंद पडलेलं उराशी धरून बसायचं का? चालू झालं तर तुझ्या अभ्यासाला तरी होईल."

घराचं दार आलं. दारात आई उभी होती. मुंगीने पुढचे शब्द गिळून टाकले.

रात्रीच्या जेवणाआधी तिघं दादाच्या खोलीत जमली. लॅपटॉप पुन्हा त्याच्या टेबलावर आला होता.

"मला एक विचित्र वाटतंय," वकील म्हणाला. या वेळी तो वाद घालत नव्हता, खरंच विचार करत होता. "काल दुपारी हा चालू होता ना?"

"होता. ढब्बू झोपला होता म्हणून आपण थांबलो. खेळून आलो तर बंद."

"आणि परवा खेळायला जाण्याआधी बंद होता. आल्यावर तू लगेच उघडलास?"

"नाही. काल दुपारीच उघडला."

"म्हणजे आपण घरात असताना याला काही होत नाही. बाहेर गेलो की होतं. बिघडलेलं यंत्र माणसं बघून वागत नाही, मुंगे. इथे कुणीतरी येतंय."

"भूत?" ढब्बूने पाय वर घेतले.

"भुताला वायफाय कशाला लागेल, गाढवा?"

मुंगी ऐकत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती. खिडकीतून शेवटचं ऊन तिरकं आत आलं होतं. टेबलावर धूळ, पुस्तकांवर धूळ, दादाच्या पेनांच्या डब्यावर धूळ. बोटाने नाव लिहावं इतकी. आणि मधोमध लॅपटॉप लख्ख. चार्जरच्या वायरीवरसुद्धा धुळीचा कण नव्हता.

"मी नाही पुसत हा," ती सावकाश म्हणाली. "मग कोण पुसतं?"

सकाळी बाबा आंघोळीला गेले. तिघांनी मुद्दाम आरडाओरडा केला. "आत्या, आम्ही मैदानावर जातोय," असं वकील दोनदा ओरडला. फाटक जोरात आपटलं. मग वाकून, भिंतीला चिकटून ती घराच्या मागच्या बाजूला आली. दादाच्या खोलीच्या खिडकीची कडी सैल होती. बाहेरून पट्टी घालून ती कशी उचलायची, हे दादानेच शिकवलं होतं. आधी मुंगी आत गेली. मग ढब्बूला वरून ओढलं आणि खालून ढकललं. तिघं पलंगाखाली सरपटली.

"तुझ्या पोटाशी काय टोचतंय?" वकील कुजबुजला.

"काकांचा बूट," ढब्बू म्हणाला. "एक बूट नसेल तर ते दुकानात कसे जातील?"

वकिलाने अंधारातच भावाच्या पाठीवर थाप मारली.

दार उघडलं. पावलं आत आली. साध्या घरातल्या चपला, एकीचा अंगठा शिवलेला. मुंगीने त्या ओळखल्या.

आई टेबलापाशी थांबली. हातात मऊ कापड होतं, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं. दादाच्या सदऱ्याचं. तिने आधी झाकण पुसलं. मग बाजू, मग वायर. एखादा नेम पाळावा तसं, घाई न करता. शेवटी कापडाखाली अंगठा धरून तिने पुढची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत नेली.

टिक.

आवाज इतका बारीक होता की पलंगाखालच्या शांततेतच तो ऐकू यावा. वकिलाचे डोळे मोठे झाले. तो बाहेर उसळणार तोच मुंगीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"किती रे धूळ बसते," आई म्हणाली. तिच्यासमोर कुणीही नव्हतं. "रोज पुसते, तरी बसते."

मुंगीचे डोळे भरून आले. आई दादाला विसरायला बघतेय, असं तिला इतके दिवस वाटत होतं. त्याचा रागही मनात होता, तो तिने कुणाला दाखवला नव्हता.

तेवढ्यात ढब्बू शिंकला. पलंगाखालच्या धुळीने त्याला दुसरं काही सुचूच दिलं नाही.

आईच्या हातातलं कापड पडलं. एकामागून एक तिघं बाहेर आली, केसांत जाळी, ढब्बूच्या कवेत बूट.

"आम्ही... आम्ही चोर पकडायला बसलो होतो, आत्या," वकील म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढे बोलता येईना.

आई पलंगाच्या कडेवर बसली. "बाकी खोली तशीच राहू दे वाटतं," ती म्हणाली. जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. "त्याने ठेवलं तसंच. पण यावरची धूळ मला बघवत नाही. संध्याकाळी दिवा न लावताच बसायचा ना याच्यासमोर. याच्याच उजेडात त्याचा चेहरा दिसायचा."

मुंगीने लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. काळ्या कडेत काळीच, नखाएवढी सरकती कळ होती. वायरलेस चालू-बंद करायची. इतक्या दिवसांत ती कुणाच्या नजरेस पडली नव्हती. आता आईच्या अंगठ्यानेच ती सरकली होती. मुंगीने झाकण उघडलं. पडद्यावर एकेक नेटवर्क उगवायला लागलं. शेजाऱ्यांचं, समोरच्यांचं आणि त्यांचं स्वतःचं.

"तू इकडून तिकडे पुसलंस की ही बंद होते, तिकडून इकडे पुसलंस की चालू," मुंगी म्हणाली. "आई, यात दादाची गोष्ट आहे. त्याच्या आवाजात. आज हा कोरा केला असता तर ती पुन्हा कधीच उघडली नसती. लावू?"

आई लॅपटॉपजवळ सरकली. मग तिने होकारार्थी मान हलवली.

"शिवणकाम, स्वयंपाक, सगळं बाजूला ठेवा आणि कान इकडे करा," दादाचा आवाज आला. ढब्बूने आत्याचा हात घट्ट धरला. जहाज किनाऱ्याला लागलं. वकील खडकांशी वाद घालू लागला. ढब्बूला भूक लागली. गुहेच्या तोंडाशी मुंगीने कंदील वर धरला. "आणि आत पाहते तर..."

मागून, लांबून, एक खणखणीत हाक आली. "अरे, ताट वाढलंय! किती हाका मारायच्या?"

आईचाच आवाज होता.

"आलो गं आई," दादा म्हणाला. "बरं मंडळी, आत काय होतं ते उद्या." खुर्ची सरकली. पावलं दूर गेली. रेकॉर्डिंग बंद करायला तो विसरला होता. रिकाम्या खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली, आणि कुठेतरी लांब दादा काहीतरी म्हणाला आणि आई हसली.

कुणीही ते बंद केलं नाही. आपोआप संपेपर्यंत सगळी ऐकत राहिली.

दारात बाबा उभे होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. ते केव्हा आले, कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी आत येऊन ती कळ पाहिली. हळूच सरकवली, परत सरकवली.

"एवढीशी कळ," ते म्हणाले. "आणि मी सगळं पुसायला निघालो होतो. मुंगे, काल तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. वकीलसाहेब, खटला जिंकलात तुम्ही. आणि ढब्बू, तू बूट पळवलास ते फार बरं केलंस."

"परत देऊ?" ढब्बूने विचारलं.

"राहू दे. आता कुठे जायचं नाहीये."

आईने जमिनीवरचं कापड उचललं. "कुठे आहे ती कळ, मला दाखव," ती मुंगीला म्हणाली. "तेवढी जागा सोडून पुसत जाईन." मुंगीने तिचा अंगठा धरून कळीवर ठेवला.

दुपारी तिघं अजून त्याच खोलीत होती. गुहेत काय असेल यावर वकील आणि ढब्बूचं भांडण जुंपलं होतं. मुंगी उघड्या लॅपटॉपसमोर बसली होती. आत काय होतं ते आता कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. आधी जरा फाटलेली, मग खणखणीत.

"अरे, ताटं वाढलीत! किती हाका मारायच्या?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुंगीने डोळे पुसले, कळ जागेवर आहे ना ते बघितलं आणि झाकण अलगद मिटलं.

"आलो गं आई," ती म्हणाली.