एक मिनिट शांतता

इदाल्मिस त्या दिवशी झेनायदा मावशींच्या घरी गेली ती फक्त एका शॉटसाठी. बाई जेवायच्या टेबलाशी येते, मेलेल्या मुलासाठी सवयीनं ताट मांडते, आणि मग तिच्या लक्षात येतं. बस, एवढंच. पण एवढ्यापायी आज चौथा दिवस चालला होता आणि पोरीच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

कामाग्वे शहराच्या बाहेर, उसाच्या मळ्यांमधल्या चित्रपटशाळेत ती तिसऱ्या वर्षाला होती. दिग्दर्शन शिकत होती. शिकत होती कसली, बोलणी खात होती म्हणा. "कॅमेरा कुठे ठेवायचा ते तुला बरोबर कळतं," बाल्दोमेरो सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पण नटाला काय सांगायचं, ते काही केल्या सुचत नाही. या फिल्ममध्येही नाही जमलं, तर दिग्दर्शन सोड बाई. संकलनाला जा. तिथे माणसांशी बोलावं लागत नाही." वर्ग खो खो हसला होता. तिला मात्र कळायला लागल्यापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

झेनायदा मावशी काही नटी नव्हत्या. जन्मभर पोस्टात शिक्के मारलेली सत्तरीची बाई. घर त्यांचं, टेबल त्यांचं, म्हणून भूमिकाही त्यांनाच.

दुपारचे तीन वाजले होते. शॉट रात्रीचा, त्यामुळे खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली. आवाज नको म्हणून पंखा बंद. सकाळपासून मांडलेला घेवडा-भात दिव्यांच्या धगीनं आंबला होता. तो आंबूस वास आणि चार माणसांचा घाम त्या खोलीत नुसता कोंडून राहिला होता. चारला वीज जाणार होती. आमच्याकडे वेळेवर असं एक तेवढंच होतं!

अकरा टेक झाले. अकराही फुकट.

"पोरी, नीट सांग ना गं मला," मावशी काकुळतीला आल्या. "दुःखी व्हा म्हणतेस. म्हणजे काय, तोंड वाकडं करू?"

कॅमेरा सांभाळणारी यूसेट फिसकन् हसली. इदाल्मिसनं तोंड उघडलं, पण शब्दच सापडेना. सरांचं खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

"तुम्हाला येईल तसं करा, मावशी," ती म्हणाली. "माझं डोकं चालत नाहीये. ॲक्शन."

मावशी आल्या. ताट मांडलं. क्षणभर थांबल्या, मान जराशी कलती करून. मग चमचा उचलून झग्याला पुसला, लेकराचा पुसावा तसा. हात तिथेच थबकला. त्यांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि मुलाच्या ताटातलं अन्न स्वतःच खायला लागल्या. भराभर, कुणी बघायच्या आत संपवायचं असल्यासारख्या. तो आंबलेला घास...

इदाल्मिसनं कसंबसं "कट" म्हटलं. यूसेट हुंदके देत होती.

"थांबा, हलू नका कुणी," आवाज टिपणारा रोलो म्हणाला. "एक मिनिट शांतता घेतो."

हे नेहमीचंच काम. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. ती टिपून ठेवायची आणि पुढे संवादांच्या मधल्या फटींत भरायची. चौघं जागच्या जागी उभी राहिली. काळी कापडं हलत नव्हती. वीस सेकंद गेले असतील, तोच रोलोचा चेहरा उतरला. त्यानं एकेकाच्या ओठांकडे पाहिलं. मग कानावरचे हेडफोन काढून इदाल्मिसच्या हातात दिले.

तिनं ते लावले.

आत एक बाई बोलत होती. दबकं, सोशीक बोलणं. "...छान. आता घाई नको... हात मांडीवर ठेवा..."

टेबलापलीकडे झेनायदा मावशींनी हात मांडीवर ठेवले. त्यांच्या कानांत काहीच नव्हतं.

"...मान खाली... असंच. आता तू, पोरी... डोळे मीट."

इदाल्मिसचे डोळे मिटले. तिनं मिटले नव्हते. मिनिट संपेपर्यंत ते उघडलेच नाहीत.

"पुसून टाकतो मी हे!" रोलोनं घाईघाईनं यंत्र बंद केलं. "देवाशपथ, पुसून टाकतो. शांतता दुसऱ्या घरातली घालू."

मावशी मात्र खुशीत उठल्या. तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "आधीच असं कानात सांगितलं असतंस तर चार दिवस वाचले नसते? किती मायेनं सांगितलंस गं. तूच होतीस ना?"

रोलो इदाल्मिसकडे बघत राहिला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण ती फार दमली होती हो, आणि तो शॉट तिला हवा होता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

महिन्याभरानं शाळेत फिल्म दाखवली. रोलोनं शब्द पाळला होता. त्या घरातली शांतता ध्वनिपट्टीवर कुठेच नव्हती. मावशींनी तो घास घेतला तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागले आणि बाल्दोमेरो सर उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते.

"मी चुकलो. सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो. इदाल्मिस, काय सांगितलंस तू त्या बाईंना?"

आता मात्र खरं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. "सर, मी नाही, ते..." असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"उभी राहा," कानाशी आवाज आला. दबका, सोशीक. "सरळ... आता सरांकडे बघ."

ती उभी राहिली. तिनं सरांकडे पाहिलं.

"म्हण, मुलाचा घास तुमचाच समजा, असं सांगितलं."

"मुलाचा घास तुमचाच समजा, असं सांगितलं," इदाल्मिस म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. यूसेटनं तिला मिठी मारली. रोलो मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला. तिला त्याला हाक मारायची होती, ओरडून रडायचं होतं.

"नाही, रडू नकोस," आवाज म्हणाला. "हस."

इदाल्मिस हसली.