तीन हाका

पहिल्या भेटीत अक्षय मला भूतच वाटला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या चर्चच्या कोठीतून, भर धुक्यात, एक पांढराफटक माणूस बाहेर आला आणि मी किंचाळले.

“पीठ आहे हो, सिस्टर… पोतं फुटलं,” तो म्हणाला. “भुतं चपात्या लाटत नाहीत.”

“ते खाऊन सांगेन,” मी म्हटलं, आणि माझी मीच लाजले.

डोंगराला भेग पडल्यापासून वरच्या वाडीतली माणसं चर्चच्या हॉलमध्ये राहायला आली होती. पाळकसाहेबांनी बाकं भिंतीला लावली, चटया अंथरल्या, मागे मोठी चूल पेटवली. मी कडावची सुरभी, नर्स. सुट्टीच्या दिवशी तिथे औषधपाणी बघायला जायचे. अक्षय पाळकसाहेबांचा पुतण्या, नगरहून मदतीला आलेला. स्वयंपाक, जीप आणि घंटा त्याच्याकडे. माझं अर्धं लक्ष चुलीकडे असतं, हे वाडीतल्या भागीने केव्हाच ओळखलं होतं.

एका दुपारी भागीची सासू अंबाबाई मागे राहिलेली शेळी आणायला गुपचूप वर गेली. अक्षय तांदूळ आणायला कर्जतला गेला होता. वरची माती केव्हाही सुटली असती… मी तिच्यामागे चढले. ती सापडली, शेळीही सापडली, आणि तेवढ्यात धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला ती भेग. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

“सुरभीऽऽ!”

अक्षयचाच आवाज! मी ओ देणार, इतक्यात अंबाबाईने माझ्या तोंडावर हात दाबला.

“गप गं! चकवा एकदाच हाक मारतो. मानूस असंल तर लागोपाठ तीनदा मारंल.”

हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. आम्ही कान देऊन बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा—

“सुरभी…”

या वेळी दरीकडून. अगदी जवळून, लाडात. त्याने मला अशी हाक मारावी म्हणून मी किती दिवस झुरत होते! माझा पाय आपोआप उचलला गेला. अंबाबाईने माझी ओढणी गच्च धरली. शेळी दरीकडे बघत थरथरत होती.

आणि खालून घंटा वाजली. टण्, टण्, टण्. थांबली. पुन्हा तीनदा.

“ही आपली,” अंबाबाई म्हणाली. त्या आवाजावर पाय टाकत आम्ही खाली आलो.

हॉलच्या दारात अक्षय घंटेची दोरी ओढत होता. मला बघून त्याने ती सोडली. “आलो तर तुम्ही नाही… वर जाऊन हाक मारली, तुम्ही ओ दिली नाही. मला वाटलं—”

“एका हाकेला कोन ओ देईल रं?” भागी कडाडली. “कायच ठाव नाय याला. मंग मीच सांगितलं, घंटा तरी तीनदा मार.”

मी हसले. मग हसू जागच्या जागी थांबलं.

“पण तू… दोनदा हाक मारलीस ना? दुसरी दरीकडून?” पहिल्यांदाच मी त्याला ‘तू’ म्हणत होते.

“एकदाच. तशीच घंटेकडे धाव घेतली.”

अंबाबाईने उठून दाराला कडी घातली. बाहेर धुकं दाराला टेकून उभं होतं.

मला रडू फुटलं. “मी निघालेच होते, अक्षय. तुझा आवाज होता म्हणून… तुझ्या आवाजामागे मी कुठेही गेले असते.”

तो जवळ आला. केसांत आजही पीठ होतं, डोळ्यांत पाणी.

“सुरभी,” तो म्हणाला. मी गप्प.

“सुरभी.”

भागीने तोंडाला पदर लावला.

“सुरभी…”

“ओ,” मी म्हणाले.