आईचे दोनशे बारा विजय

त्याचा हात आधी पोहोचला, हे मी आजही मान्य करत नाही.

जुन्या सामानाच्या दुकानात, तुटक्या इस्त्र्यांच्या टोपलीत ती कॅसेट पडली होती. नव्वदच्या दशकातला मारामारीचा व्हिडिओ गेम. काढणारी कंपनी वर्षभरात बुडाली, म्हणून तो कुणाला माहीतच नाही. मी मात्र चार वर्षं शोधत होते. उचलायला गेले, तर दुसऱ्या टोकाला एक अंगठा. ग्रीसनं काळा झालेला.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा."

"हे काय आहे ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"आठ खेळाडू, त्यातला एक न्हावी. त्याची लाथ कुणाला लागतच नाही, कारण गेम बनवणाऱ्यांनीच घोळ घातलाय," तो शांतपणे म्हणाला. "अजून काही विचारायचंय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं बारीक माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असावं... आणि ते असं हसऱ्या डोळ्यांनी सांगावं!

शेवटी दुकानदार वैतागला आणि आम्ही ती भागीदारीत घेतली. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दर शनिवारी तो कॅसेटच्या निमित्तानं यायचा आणि डोळे तपासायच्या खुर्चीत ऐसपैस बसायचा.

"खालची ओळ वाचा."

"दिसत नाही. तुम्ही मध्ये उभ्या आहात."

"होऊ बाजूला?"

"नको... ओळीचं काय एवढं."

सहा महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि माझ्या वस्तूंना कुणाला हात लावू न देणारी मी, त्याला आईची कॅसेट, माझ्या लहानपणापासून घरात असलेली दुसरी, दुरुस्तीला देऊन बसले.

लहानपणी आई कामावरून आली की पर्ससुद्धा न ठेवता माझ्याशेजारी बसायची, छत्रीवाली बाई निवडायची आणि मला झोडपायची. कॅसेटच्या पोटात एक छोटा सेल असतो, त्याच्या जोरावर जिंकलेले सामने कॅसेटच्या लक्षात राहतात. आई दोनशे बारा, मी दोनशे नऊ. आता संधिवातानं आईची बोटं आखडलीत, साधं झाकण उघडत नाही. पण घरी कुणी आलं की ती टीव्ही लावून तो आकडा दाखवते.

हल्ली चित्र थरथरायला लागलं होतं. मी त्याला बजावलं होतं, फक्त कॅसेटच्या तोंडाच्या धातूच्या पट्ट्या पुसून दे.

"चकाचक केलीय!" तो घरी येऊन म्हणाला. "सेल तीस वर्षांचा होता, कधीही मान टाकली असती त्यानं. नवा बसवला." आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

मी कॅसेट लावली. आई शून्य. मी शून्य.

आम्हा जुने गेम जमवणाऱ्यांची ही सवयच आहे. कॅसेट परक्यांच्या, त्यांच्या जिंकण्या-हरण्याशी आम्हाला काय देणंघेणं? घरी आणली की जुना सेल काढायचा, नवा घालायचा. मीही हे शंभरदा केलंय. म्हणून तर जास्त संताप आला.

"अक्कल आहे का तुला? विचारायचं नाही?"

"मला वाटलं, तुला बरं—"

"ती आता परत जिंकू शकत नाही! बोटं वळत नाहीत तिची!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मी..."

"नीघ."

तीन आठवडे मी त्याचा फोन उचलला नाही. दोन गिऱ्हाइकांच्या काचा चुकीच्या नंबरच्या घासल्या. कॅसेट कपाटात दडवली आणि आईला सांगितलं, दुरुस्तीला दिलीय.

रविवारी दुपारी बाजारातून आले, तर हे महाशय आमच्या घरात, जमिनीवर, आईशेजारी! कपाटातली कॅसेटही बाहेर आली होती.

"चूक माझी आहे, काकू. तिला बोलू नका."

"तिला तर बोलणारच. तीन आठवडे थापा मारल्या तिनं मला. आणि तू महागाढव आहेस," आई म्हणाली. "खेळ आता."

रिमोट मांडीवर ठेवून आई मुठीनं बटणं दाबत होती. छत्रीवाली गरागरा छत्री फिरवत सुटली होती. तो हरला. पुन्हा हरला. तिसऱ्यांदाही हरल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात ओढला.

"मुद्दाम हरतोयस ना? माझ्या आईला दया दाखवतोस?"

"शप्पथ नाही! मुठीनं सगळी बटणं एकदम दाबली की छत्री थांबतच नाही. मला जवळच जाता येईना!" त्याचे कान लाल झाले होते. तो खरंच चिडला होता.

"तरी माझा राग गेलेला नाही. ते दोनशे बारा परत येणार नाहीत."

"नाही येणार," तो म्हणाला. 'पण' नाही, सबब नाही. "मी रोज येऊन हरलो तरी नाही."

मग मात्र मला राहवेना.

"आणि तू आवडतोस मला. त्याचाही राग येतो. फार येतो!"

"मलाही... म्हणजे तू..."

"नीट बोल."

"आवडतेस. ओरडतेस तेव्हासुद्धा... नाही, तेव्हा भीती वाटते. पण आवडतेस."

"तुमचं झालं असेल तर या!" बाहेरून आई ओरडली. "पुढचा कोण?"

त्याला पाठवणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांत मी एकदाही आईशी खेळले नव्हते. ती हरेल, तिला वाईट वाटेल, म्हणून. दया तर मीच दाखवत होते.

मी जाऊन आईशेजारी बसले आणि जीव तोडून खेळले. तिनं मला पहिल्याच फेरीत आडवं केलं. माझं डोकंच फिरलं. मागे तो खुदखुदत होता.

"हसू नकोस," मी वळून न बघता म्हटलं, आणि त्याला बसायला जागा करून दिली.