बिनडोक्याच्या सात मेंढ्या

“हीच तुमची घोंगडी, आजी! काठ पाहा, कोठेही कात्री लागलेली नाही!” असे म्हणून उपेंद्रकाका मांडव सोडविण्यास वळले. वेल्ह्याच्या शाळेत त्यांनी भरविलेले जुन्या वस्तूंचे प्रदर्शन नुकतेच समाप्त झाले होते. मातीचे रांजण गुंडाळून परतीच्या टेम्पोत चढविलेही होते.

“आरं बाबा, ही निम्मीच हाय! माजी अंगभर व्हती. मी खोटं बोलते व्हय?”

प्रदर्शनासाठी घोंगडी दिलेल्या चंद्राबाईंचे ते क्षीण शब्द कोणी ऐकेना. मैथिली मात्र ऐकत होती. सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिचेही बोलणे कोणी पुरते ऐकून घेतले नव्हते. म्हणून तो एकाकी स्वर तिच्या काळजास भिडला.

तिने घोंगडी अंगणात पसरली. शौनक आणि सोनिया ही तिची मामेभावंडे वाकून पाहू लागली. काळ्या लोकरीत पांढऱ्या लोकरीने विणलेल्या सात मेंढ्या काठाला ओळीने उभ्या होत्या. शेपट्या होत्या, पाय होते. परंतु डोके एकीलाही नव्हते!

“विणणारा विसरला असेल!” सोनिया म्हणाली.

“सातही वेळा? तो काय तू आहेस?” शौनक हसला.

“आजी, ही मुळात एकसंध होती का?” मैथिलीने विचारले.

“न्हाई गं. माग आरुंद. दोन पट्ट्या इनायच्या न् मधी शिवायच्या.”

“म्हणजे शिवण उसवली! डोकी दुसऱ्या पट्टीवर आहेत! काका, रांजण कशात गुंडाळलेत?”

“हाताला लागेल त्या फडक्यात…” उपेंद्रकाका बोलता बोलता थबकले. बाहेर टेम्पो सुरू झाला होता!

तिघेही धावली. शौनक हात पसरून आडवा उभा राहिला.

“मरायचंय का रं?” चालक मानसिंग ओरडला.

“काका, आत मेंढ्या आहेत!”

“माज्या टेम्पोत? मग नसरापूरपातुर बें बें ऐकत जातो की!”

पण एका रांजणाभोवतीची पट्टी सोडताच सात डोकी प्रकट झाली!

उपेंद्रकाकांनी चंद्राबाईंपुढे हात जोडले. “आजी, तुमचेच खरे होते. मी नीट पाहिलेही नाही. शाबास पोरांनो! आम्हां मोठ्यांना जे दिसले नाही, ते तुम्ही पाहिलेत!”

हळूहळू सारे पांगले. अंगण ओस पडले. चंद्राबाई सुई घेऊन शिवू लागल्या. मैथिली काठास काठ जुळवून धरू लागली.

“ही काजळी. ही बांडी. ही लंगडी…”

“आता कुठे आहेत त्या?”

“कळप कवाच इकला. पोरं पुण्याला ग्येली. हितं येवड्याच ऱ्हायल्या.”

सातव्या मेंढीपाशी सुई थांबली.

“हिचं नाव आठवंना गं.”

 मैथिलीने ते डोके मानेशी नीट जुळवून घट्ट धरले, आणि आजींनी टाका घातला.