सतरंजीखालची रेघ

"हात लागला हे खरं, पण मी चौकटीच्या बाहेर होतो," डोमा पुन्हा एकदा म्हणाला, आणि मैदानाभोवती जमलेलं सगळं पोंभुर्णा गाव हसलं.

हसणाऱ्यांचंही फारसं चुकत नव्हतं. गोलखांबांसमोर फक्कीने आखलेली पांढरी चौकट सगळ्यांना दिसत होती, आणि डोमाच्या बुटांच्या खुणा तिच्या आत उमटल्या होत्या. गोल राखणाऱ्या संघातल्या कुणाचा हात चौकटीत चेंडूला लागला तर पेनल्टी, बाहेर लागला तर साधी फ्री किक. एवढा नियम नाताळच्या सुट्टीत मैदानावर हुंदडणाऱ्या पोरांनाही सकाळपासून पाठ झाला होता. डोमाचं चांद्याचं कॉलेज आणि नागपूरचं कॉलेज यांचा सामना बरोबरीत होता, खेळ संपत आला होता, आणि वर्ध्याहून आलेल्या पंचांनी शिट्टी फुंकून पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं होतं.

डोमाची धाकटी बहीण वच्छला काठावर उभी होती. तिच्याजवळ तिचे दोघे दोस्त होते, दुकानदार बाबूभाईंचा शफी आणि गुराख्याचा कोलू. मागे तिचा बाप मुखरू डोक्याचा शेला सोडून हातात घेऊन उभा होता. गावातून कॉलेजात मुलगा धाडणारा तो पहिलाच होता, आणि आज तोच मुलगा गावासमोर खेळणार म्हणून खळ्यावरचं काम टाकून तो आला होता.

"हात लागला त्याचं मले काई नाई," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "पन साऱ्या गावासमोर पोट्टा खोटं बोलून राह्यला. हेच शिकाले धाडलो का मी त्याले? बस्स झालं कालिज. उद्यापासून खळ्यावर."

वच्छलाने चटकन बापाकडे पाहिलं. बा कधी ओरडत नसे, पण एकदा बोलला की ते मागेही घेत नसे. दादा खोटं बोलत नाही, असं ती रडवेल्या आवाजात दोस्तांना सांगू लागली. कोलूने मान खाली घातली. दादाचे पाय आत होते हे त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि दोस्तीसाठीसुद्धा त्याला ते आत नव्हते असं म्हणता येईना.

मैदानात मोठ्या माणसांचा वाद मात्र रंगात आला होता. हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे आला, यावर चांद्याचा कप्तान आणि नागपूरचा कप्तान तावातावाने बोलत होते. काठावरही तेच. सामन्याचे यजमान गुणवंतराव पाहुण्यांसोबत सतरंजीवर बसले होते. फुटबॉल ते जन्मात पहिल्यांदा बघत होते, तरी हुतूतूत असं झालं असतं तर काय निकाल दिला असता हे ते सगळ्यांना समजावत होते. शाळेचे हेडमास्तर बसल्याबसल्याच हात वर करून दाखवत होते. हातावर अख्ख्या गावाचं मत होतं, चौकटीबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

चांद्याच्या प्राध्यापकांनी तेवढी एक कामाची गोष्ट आपल्या पोरांना सांगितली. किक मारली जाईपर्यंत पंचांना निकाल फिरवता येतो. एकदा मारली की मग ब्रह्मदेवालाही नाही.

शफीचं लक्ष भलतीकडेच होतं. पाहुण्यांच्या सतरंज्या त्याच्या वडिलांच्या दुकानातल्या होत्या, आणि एका सतरंजीची कड पांढरीफटक झाली होती. आता अब्बा आपल्यालाच धुवायला लावणार, या काळजीने तो फक्की झटकायला वाकला. झटकता झटकता त्याने कोपरा उचलला आणि तसाच थांबला.

"वच्छला, इकडे ये. इथी रेघ काऊन हाये?"

सतरंजी मैदानाच्या हद्दीबाहेर होती. तिच्याखालून एक जाड, सरळ, पांढरी रेघ गेलेली होती. वच्छलाने मान वळवून पाहिलं. ती रेघ पुढे ओढली असती तर नेमकी पेनल्टीच्या चौकटीला जाऊन भिडली असती. मधला तुकडा तेवढा खराट्याने झाडलेला दिसत होता.

कोलू उकिडवा बसला. त्याने रेघेवर बोट फिरवलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"हे फुटबॉलची रेघ नाई. हे शंकरपटाची हाये. जोड्या इथूनच तं सुटल्या. माह्या मामाच्या बैलाचा कासरा मी इथीच धरून होतो."

मग तिघांनाही सगळं उमगलं. गेल्याच आठवड्यात याच मैदानावर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, झाला होता. बैलजोड्या सुटायची रेघ अजून ठळक होती. मैदान आखायला गुणवंतरावांनी गडी लावले, तेव्हा गड्यांनी विचार केला असणार की एवढी सुरेख रेघ तयारच आहे, तर फक्की कशाला नासायची? गोलरेषेपासून दोन बाजू ओढून त्यांनी त्या पटाच्या रेघेला जोडल्या. जास्तीचा तुकडा झाडून टाकताना कोलूने सकाळी त्यांना पाहिलंही होतं. हद्दीबाहेरच्या तुकड्यावर सतरंजी येणार होती, म्हणून तिथे खराटा फिरवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. पलीकडच्या गोलासमोर अशी आयती रेघ नव्हती, तिथली चौकट दोरीने मोजून आखली होती. आता नीट बघितल्यावर ती चौकट चांगलीच आखूड दिसत होती. म्हणजे इकडची चौकट मापापेक्षा पुढे गेली होती, आणि खऱ्या मापाने डोमा बाहेरच होता.

डोमा रोज चांद्याच्या मैदानावर खेळायचा. गोलखांबांवरून जागा ओळखायची त्याच्या डोळ्याला सवय होती. पायाखालची फक्की त्याने बघितलीच नव्हती.

वच्छला धावत गुणवंतरावांसमोर गेली. "गुणवंतभाऊ, जरा उठा नं. तुमच्या खाली रेघ हाये."

गुणवंतरावांनी तिच्याकडे न बघताच हात हलवला. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये, एवढं त्यांनी सांगितलं आणि हुतूतूचा मुद्दा पुढे चालू केला. तिने सतरंजी ओढून पाहिली. पण सतरंजीवर गावातली सगळी वजनदार माणसं बसली होती, ती कशाला हलते? कोलू सरळ मैदानात घुसला आणि पंचांना हाका मारू लागला. कोतवालाने त्याला काखेत हात घालून उचललं आणि काठावर आणून ठेवलं. वच्छलाने बापाचा शेला धरला, पण मुखरू तोंड फिरवून घराकडे निघाला होता.

पंचांनी चेंडू जागेवर ठेवला. नागपूरचा खेळाडू चार पावलं मागे सरकला. डोमा चौकटीबाहेर कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्याच संघातलं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. वच्छलाला काही सुचेना. सगळं माहीत असून काहीच करता येत नाही, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तेवढ्यात शफी जीव खाऊन ओरडला, "इच्चू! सतरंजीखाली इच्चू!"

एका पेनल्टीने जे झालं नव्हतं ते एका विंचवाने झालं. गुणवंतराव, हेडमास्तर, पाहुणे, सगळे टुणकन उठले. सतरंजी कोलूने आणि शफीने फर्रकन ओढली, आणि जाड पांढरी रेघ सगळ्यांच्या पायांपाशी उघडी पडली.

"हे पाहा, पटाची रेघ!" वच्छला म्हणाली. गुणवंतरावांनी रेघेकडे पाहिलं, मग चौकटीकडे पाहिलं. थांबा म्हणून ओरडायला त्यांनी हात वर केला.

त्याच क्षणी शिट्टी वाजली. पाठोपाठ धप्प असा आवाज आला, आणि नागपूरची पोरं गोल गोल म्हणून नाचू लागली.

सामना संपल्यावर पंच स्वतः आले. त्यांनी दोन्ही चौकटी दोरीने मोजल्या. मग टोपी काढून त्यांनी सगळ्या लोकांसमोर सांगितलं, की डोमा खरं बोलत होता, तो चौकटीच्या बाहेर होता, आणि मैदान आधी न मोजण्याची चूक आपली होती.

"मग गोल परत घ्या नं," वच्छला म्हणाली.

पंचांनी मान हलवली. किक मारून झाली होती, आता ते त्यांच्याही हातात नव्हतं. चषक नागपूरला गेला.

मुलांचं कौतुक मात्र भरपूर झालं. हेडमास्तरांनी तिघांची नावं घेऊन भाषण केलं. गुणवंतरावांनी रेवड्या वाटल्या आणि कोलूची पाठ थोपटली. बाबूभाईंनी सतरंजीवरच्या मातीकडे आणि मग शफीकडे पाहिलं, आणि उगारलेला हात त्याच्या डोक्यावरून फिरवला. मग कुणीतरी सतरंजी पुन्हा त्याच रेघेवर अंथरली, सगळे खाली बसले, आणि हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे आला यावर वाद परत सुरू झाला.

वच्छलाच्या हातातल्या रेवड्या तशाच होत्या. कौतुकाचं तिला काहीच वाटत नव्हतं. थोडं आधी कुणी उठलं असतं तर, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

पंच काय बोलले ते कुणीतरी धावत जाऊन सांगितल्यावर मुखरू अर्ध्या वाटेवरून परतला होता. तो एकटाच मैदानात गेला आणि डोमाच्या बुटांच्या खुणांपाशी उभा राहिला. तिथून त्याने गोलखांबांकडे बराच वेळ पाहिलं. डोमा त्याच्यासमोर येऊन थांबला.

"चांद्याची मोटार सकाळी किती वाजता हाये?" शेवटी मुखरूने विचारलं.

डोमाने सांगितलं.

"लवकर उठजो," मुखरू म्हणाला, आणि शेला डोक्याला बांधत खळ्याकडे चालू लागला.

वच्छलाने मग एक रेवडी तोंडात टाकली.