बाईच्या ओळी

उत्तरा जाऊन वर्ष होत आलं, तरी तिची जुनी गाडी अमेरिकेतल्या डब्लिनच्या घरात गॅरेज अडवून उभी होती. सिअ‍ॅटलहून लेक अनया दर रविवारी फोनवर तेच टुमणं लावायची. "बाबा, कार सेल कर ना. You don't even drive it." चंद्रशेखर होला हो म्हणायचे आणि फोन ठेवला की गाडीत जाऊन बसायचे.

गाडीच्या प्लेअरमध्ये एक सीडी कायमची अडकली होती. डेल कॅरिगन नावाच्या काउबॉय टोपीवाल्या गायकाची गाजलेली गाणी. त्यात नेहमी कुणाची तरी बायको सोडून जायची, ट्रक बंद पडायचा आणि व्हिस्की संपायची. कोकम सरबतापलीकडे कधी न गेलेली सांगलीची उत्तरा ती ऐकून सिग्नलला डोळे पुसायची. "त्याची बायको पळाली, तू का रडतेस?" चंद्रशेखर चिडवायचे. शेवटचं गाणं दोघांचं होतं. बाईच्या ओळी उत्तरा म्हणायची आणि पुरुषाच्या ओळी आल्या की यांच्याकडे बघायची. "म्हणा ना." हे खिडकीबाहेर बघत बसायचे. म्हटल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं आता रोज वाटायचं.

मार्चमधल्या एका दुपारी ते गाणं लागलं आणि बाईच्या ओळी आल्याच नाहीत. गिटार वाजत राहिली, मधली जागा रिकामी. चंद्रशेखर पडले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एखादा स्पीकर गेला असणार, म्हणून त्यांनी आवाज डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिला. बाकी गाणी ठणठणीत होती. फोनवर तेच गाणं लावलं, तिथे बाई व्यवस्थित गात होती. सीडी खराब झाली असं ठरवून ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागेत श्वास ऐकू आला. गाण्याआधी घेतात तसा. मग एकदा स्टीअरिंगवर बांगडी आपटल्याचा आवाज. त्या बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या, त्यांनीच स्वतःच्या हाताने ठेवल्या होत्या.

त्यांना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. तिचा आवाज एकदा ऐकायचा, बाकी या वयात त्यांना काही नको होतं.

रविवारी त्यांनी गाडी ड्राइव्हवेत आणली. कडेचा बर्फ विरघळत होता, समोरच्या घरातला कुत्रा उगाच भुंकत होता. शेवटचं गाणं सुरू झालं. रिकामी जागा आली.

"अहो."

न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, असं त्यांची आजी सांगायची आणि ते हसायचे. पण इतक्या वर्षांच्या संसाराची सवय विचार करायला थांबते थोडीच?

"ओ," ते म्हणाले.

आणि उत्तरा गायला लागली. तेच सांगलीच्या हेलातलं इंग्रजी, शेवटच्या सुराला तसंच घसरणं. चंद्रशेखरांच्या डोळ्यांना धार लागली.

पुरुषाच्या ओळी आल्या. कॅरिगन गायलाच नाही. नुसती गिटार.

या वेळी ते खिडकीबाहेर बघत बसले नाहीत. येत होत्या तेवढ्या ओळी त्यांनी म्हटल्या. स्वतःचा आवाज नीटसा ऐकू आला नाही, पण त्याचं काय एवढं.

फोन वाजला. अनया होती.

"बाबा?"

"बोल गं."

"Hello? बाबा, ऐकू येतंय का?"

"अगं, मी बोलतोय."

"बाबा, say something. प्लीज."

ते ओरडले. गळ्यावर ठेवलेल्या हाताला घशाची थरथर कळली. कानाला काहीच कळलं नाही.

गाडीत उत्तरा पुढची ओळ गात होती.

मग पलीकडून अनयाने अगदी लहान आवाजात विचारलं,

"आई?"